दापोलीच्या किनाऱ्यावरची फायबर जोडणी: दारापर्यंत वेगवान, माजघरात मंद

हर्णै-आंजर्ले परिसरातील आमच्या वाडीत एका स्थानिक केबलचालकाने फायबरची तार आणली, तेव्हापासून आमच्या घरी त्याचीच सेवा आहे. प्लॅन १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट वेगाचा आहे. महिन्याचे भाडे ६०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे मिळून ७०८ रुपये होतात. बाजारपेठेतल्या फलकावर अर्थातच ६०० एवढाच आकडा रंगवलेला असतो. चालकाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच पद्धतीने आणि जवळपास याच यंत्रांवर सेवा देणारे चालक कोकणात ठिकठिकाणी आहेत, आणि हे परीक्षण त्यांच्यापैकी कोणाचीही जोडणी घेणाऱ्याच्या उपयोगी पडावे अशी इच्छा आहे. मत आधीच सांगून टाकतो. तार चांगली आहे, तारेच्या टोकाला लावून दिलेले यंत्र सुमार आहे, आणि तक्रार ऐकणाऱ्या कार्यालयाला या दोहोंतला फरक कळत नाही किंवा कळवून घ्यायचा नाही.

ही तिसरी गोष्ट सर्वांत जास्त त्रास देते. ‘नेट स्लो आहे’ असे फोनवर सांगितले की पलीकडून एकच उत्तर येते: राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करा. हा उपाय अगदीच खोटा नाही. स्वस्त राउटर महिनोन्‌महिने चालू राहिला की त्याची स्मृती भरत जाते, आणि पुन्हा चालू होताना तो कधीकधी वायफायची मोकळी वाहिनीही निवडतो, त्यामुळे तासाभरापुरता फरक जाणवतो. मात्र त्या तासाभरात तक्रार ‘निकाली’ म्हणून नोंदली जाते आणि मूळ कारण जागच्या जागी राहते. मंदपणा तारेत आहे, यंत्रात आहे, घरातल्या भिंतींत आहे की चालकाच्या मुंबईकडे जाणाऱ्या मुख्य वाहिनीत आहे, हे ठरवल्याशिवाय कोणताही उपाय नेम न धरता मारलेल्या दगडासारखा असतो.

ते ठरवण्याची खरी चाचणी एकच आहे आणि ती कोणीही करू शकतो. लॅपटॉपचे वायफाय बंद करावे, लॅन केबल थेट फायबरच्या डब्याला, म्हणजे ओएनटीला जोडावी, घरातील बाकी सर्व उपकरणे तोडावीत आणि मग वेग मोजावा. वेग मोजणारी संकेतस्थळे बहुधा जवळचा सर्व्हर आपोआप निवडतात, आणि तो अनेकदा चालकाच्या स्वतःच्या जाळ्यातलाच असतो. तसे झाले तर आपण केवळ आपल्या घरापासून चालकाच्या कार्यालयापर्यंतचा रस्ता मोजतो. म्हणून सर्व्हर हाताने बदलून मुंबईतला, दुसऱ्या कंपनीचा निवडावा. आमच्याकडे या चाचणीत सकाळच्या वेळी ९३-९४ एमबीपीएस मिळतात. उरलेले सहा कोणी चोरलेले नाहीत: डब्यावरचे लॅनचे छिद्र १०० एमबीपीएस क्षमतेचे असेल, तर माहितीच्या प्रत्येक पुडक्याला लागणारे पत्ते आणि वेष्टन वजा जाता प्रत्यक्ष हाती एवढाच वेग येतो. आणखी एक गैरसमज इथेच दूर करणे बरे. एमबीपीएसमधला बी हा बिटचा असतो, बाइटचा नव्हे. आठ बिटांचा एक बाइट होतो, त्यामुळे फाइल उतरवताना पडद्यावर सेकंदाला १२ एमबीच्या आसपास दिसत असेल तर १०० चा प्लॅन पुरेपूर मिळत आहे असे समजावे. या एका गोष्टीवरून चालकाशी भांडणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्या भांडणात चालक बरोबर असतो.

आता तारेविषयी. फायबरच्या तारेबद्दल लोकांचा समज असा की ती जुनी झाली किंवा पावसात भिजली की नेट हळूहळू मंदावते. तांब्याच्या तारेबाबत ते बऱ्याच अंशी खरे होते, काचेच्या तंतूबाबत तसे होत नाही. प्रकाश पुरेसा पोहोचला तर पूर्ण वेग मिळतो, आणि अगदी काठावर आला तर चुका होऊन जोडणी तुटत-जुळत राहते. दिवसभर एकसारखा मंद वेग हे तंतूच्या दुखण्याचे लक्षण सहसा नसते. प्रकाशाची पातळी डीबीएममध्ये मोजतात. हा आकडा उणे असतो, आणि तो तीनने खाली घसरला की प्रकाशाची शक्ती निम्मी होते. जीपॉन पद्धतीच्या (एकच तंतू अनेक घरांत वाटून देण्याच्या पद्धतीच्या) सर्वसाधारण यंत्रांना उणे २७ पर्यंतचा प्रकाश वाचता येतो. व्यवहारात उणे २५ च्या वर (म्हणजे उणे २४, उणे २१ असा) असला तर काळजी नको, त्याखाली उतरू लागला की लाइनमनला बोलवावे. बहुतेक ओएनटीच्या अंतर्गत सेटिंगच्या पानावर हा आकडा दिसतो. जोडणी घेतली त्या दिवशीच तो वहीत लिहून ठेवावा, म्हणजे पुढे तुलना करता येते.

प्रकाश घटण्याची आमच्याकडची कारणे इथलीच आहेत. तार विजेच्या खांबांवरून आणि माडांच्या रांगेतून येते. झावळी पडली की ती ताणली जाते, आणि तुटली नाही तरी खांबाच्या कड्यापाशी तिला अशी घट्ट मुरड पडते की त्या वाकणातून प्रकाश बाहेर सांडतो. माकडे तारेवरून जातात आणि कधी तिला लोंबकळतातही. रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबी भूमिगत तार उपटतो तेव्हा तर वाडीच्या वाडी बंद होते. मात्र न्याय्य बोलायचे तर या बाबतीत आमच्या चालकाची माणसे उत्तम आहेत. भर पावसात शिडी लावून, छत्री एकाच्या हातात आणि स्प्लायसिंगचे (तंतूची टोके सांधायचे) यंत्र दुसऱ्याच्या हातात अशा अवस्थेत त्यांनी जोड मारलेला मी पाहिला आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड भागातल्या बागा आणि विजेचे खांब आडवे केले, तेव्हा जे पाहिले त्यानंतर इथे टिकाऊ जोडणीची अपेक्षा करणेच धाडसाचे वाटत होते; त्या मानाने आजची तार दोष काढण्यासारखी नाही. या सेवेतल्या लाइनमनला पाचपैकी पाच गुण द्यायला मी तयार आहे. त्यातल्याच एकाने पॉवर मीटर दाखवत मला सांगितले होते, “काका, लाइट मायनस एकवीस येतेय, म्हणजे आमची लाइन चोख आहे. वायफायचं मात्र आमच्या हातात काही नाही.” त्याच्या बोलण्याचा पूर्वार्ध खरा होता. उत्तरार्ध चालकाच्या सोयीचा आहे, कारण वायफायचे यंत्रही त्यानेच दिलेले असते आणि त्याचे पैसेही जोडणीच्या वेळी घेतलेले असतात.

ते यंत्र म्हणजे ओएनटी आणि राउटर एकत्र असलेला एक पांढरा डबा. त्याच्या खोक्यावर ३०० एमबीपीएस असे ठळक छापलेले असते. हा आकडा २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर (वायफाय ज्या लहरींवर चालते त्यांच्या मुख्य पट्ट्यांपैकी एकावर), दुप्पट रुंद वाहिनी वापरून, दोन अँटेनांच्या बळावर, आदर्श स्थितीत मिळणाऱ्या दुव्याचा आहे. नेहमीच्या रुंदीच्या वाहिनीवर तोच दुवा १४४ पर्यंत उतरतो, आणि प्रत्यक्ष उपयोगाचा वेग त्याच्याही साधारण निम्मा असतो. म्हणजे डब्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले तरी १०० चा प्लॅन वायफायवर पुरता मिळत नाही. पाच गिगाहर्ट्‌झचा पट्टा असलेला डबा मागितल्यास जादा रक्कम सांगितली जाते आणि तो मिळायला वेळ लागतो. १०० किंवा त्याहून मोठा प्लॅन विकणाऱ्याने एकाच पट्ट्याचा डबा देणे हा मला या सेवेतला सर्वांत ठळक दोष वाटतो.

तरीही केवळ डबा बदलून कोकणातल्या घराचा प्रश्न सुटत नाही, आणि शहरी सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत ते याच ठिकाणी. पुण्या-मुंबईच्या इमारतीत वायफाय मंदावते ते शेजाऱ्यांच्या राउटरांच्या गर्दीमुळे, २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या १, ६ आणि ११ अशा तीनच असतात आणि तिथे प्रत्येकीवर दहा-दहा घरे बसलेली असतात. आमच्या वाडीत दोन घरांमध्ये बाग असते, त्यामुळे वाहिनी बदलून फारसे काही साधत नाही. (मुरुड-कर्दे बाजूला ओळीने होमस्टे आहेत, तिथे एकेका खोलीला राउटर लावलेले असतात, त्यांनी मात्र वाहिन्या जरूर तपासाव्यात.) आमचा शत्रू भिंत आहे. जुन्या घरांच्या जांभ्या चिऱ्याच्या भिंती फूट-दीड फूट जाडीच्या असतात. जांभा हा सच्छिद्र दगड आहे, पावसाळ्यात तो पाणी धरतो, आणि ओली भिंत रेडिओलहरींना कोरड्या भिंतीपेक्षा जास्त अडवते. दरवर्षी जुलैत ‘पावसामुळे नेट मंदावले’ ही जी तक्रार होते तिच्यामागे तारेपेक्षा या भिंतीचा हात अधिक असावा, असे माझे निरीक्षण आहे. कारण त्याच दिवसांत लॅन केबलवर मोजलेला वेग जसाच्या तसा असतो. पाच गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर वेग जास्त मिळत असला तरी भिंतीपुढे त्याच्या लहरी आणखी लवकर थकतात, म्हणून ओटीवर महागडा राउटर आणि मागच्या पडवीत शून्य रेंज असे चित्र अनेक घरांत दिसते.

त्यात डबा लावण्याची जागा चालकाचा माणूस स्वतःच्या सोयीने ठरवतो. तार पुढून येते, म्हणून डबा ओटीवर, मीटरच्या फळीशेजारी, जमल्यास दाराच्या चौकटीच्या वर. तिथून माजघरात एक भिंत, स्वयंपाकघरात दोन, मागच्या पडवीत तीन. पडवीला पावसाळ्यापुरते पत्रे लावले असतील तर तो धातूचा पडदाच होतो. जोडणीच्या दिवशी थोडा आग्रह धरून आणि तारेचे चार पैसे जास्त देऊन डबा माजघरात बसवून घ्यावा. कौलारू घरात भिंत आणि वासे यांच्यामधल्या फटीतून फायबर सहज आत नेता येते, फक्त तिला काटकोनात मोडू देऊ नये आणि उंदरांच्या वाटेवर मोकळी सोडू नये. ते जमत नसेल तर मागच्या खोलीत दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून (फक्त वायफाय पसरवण्यापुरता) ठेवून तो लॅन केबलने पहिल्याला जोडावा. आम्ही हेच केले आणि स्वयंपाकघरात जिथे आधी ८-१० एमबीपीएस मिळत होते तिथे आता ७० च्या पुढे मिळतात. बाजारात ‘रेंज एक्स्टेंडर’ म्हणून जी प्लगसारखी यंत्रे मिळतात त्यांच्या नादी सहसा लागू नये. साधा एक्स्टेंडर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुन्हा बोलतो, त्यामुळे फोनवर रेंजच्या रेषा चार दिसल्या तरी वेग निम्म्यावर येतो.

लॅन केबल घेताना शुद्ध तांब्याची, कॅट-६ प्रकारची घ्यावी. स्वस्त केबलीत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, आणि खाऱ्या हवेत तिची टोके लवकर खराब होतात. आठ तारांपैकी एखादी जोडी निकामी झाली की एक जीबीपीएसचा (म्हणजे १००० एमबीपीएसचा) दुवा मुकाट्याने १०० वर घसरतो, कधी त्याहूनही खाली जातो, आणि कोणताही लाल दिवा लागत नाही. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये दुव्याचा वेग लिहिलेला असतो, तो अधूनमधून पाहणे पुरते.

घरातल्या घरात वेग खाणारी आणखी एक गोष्ट म्हणजे वर जाणारी वाहतूक. सीसीटीव्हीचे कॅमेरे चित्रण क्लाउडवर चढवत असतात, सुट्टीत आलेल्या नातवंडांचे फोन रात्रभराचे फोटो चढवत असतात, आणि अपलोडची वाट भरली की खाली येणाऱ्या माहितीच्या पोचपावत्याही रांगेत अडकतात. वेगाचा आकडा बरा दिसूनही व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो, तो बहुधा अशाने. याउलट पान उघडायलाच वेळ लागतो पण एकदा उघडले की चित्रफीत सुरळीत चालते, असे असेल तर बहुधा चालकाचा डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी सेवा) मंद आहे, राउटरमध्ये दुसऱ्या डीएनएसचा पत्ता म्हणून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ भरले की काम होते.

आता चालकाच्या पदरात घालावा असा खरा दोष. रात्री नऊच्या सुमाराला, लॅन केबलवर, घरातली बाकी उपकरणे बंद ठेवून मोजले तरी आमचा वेग कधी ४० वर, कधी २५ वर येतो. हे घराचे किंवा भिंतीचे काम नव्हे. जीपॉनच्या एका तंतूवर खाली येणारी क्षमता सुमारे २.५ जीबीपीएस आणि वर जाणारी १.२५ जीबीपीएस असते, आणि ती ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. सगळी घरे एकाच क्षणी पूर्ण वेग ओढत नसल्याने एवढ्या क्षमतेत १०० चे प्लॅन आरामात बसतात. अडचण तंतूच्या पुढे असते: चालकाने वरच्या कंपनीकडून किती बँडविड्थ (माहिती वाहून नेण्याची क्षमता) विकत घेतली आहे आणि ती किती ग्राहकांना विकली आहे, यात. गणपतीत हे उघडे पडते. चाकरमानी घरोघरी येतात, एकेका घरात पंधरा-वीस फोन होतात, आरतीनंतर सगळे एकाच वेळी व्हिडिओ कॉल आणि मालिका लावतात, आणि त्या आठवड्यात संध्याकाळी ही सेवा नावापुरती उरते. सण दरवर्षी येतो, तारखा पंचांगात आधीपासून छापलेल्या असतात. तेवढ्या दिवसांपुरती जादा बँडविड्थ घेणे चालकाला अशक्य नसावे. विचारल्यावर मात्र ‘लोड आहे’ एवढेच उत्तर मिळते, जणू लोड हा पावसासारखा आकाशातून पडतो.

कायद्याचा आधार इथे मर्यादित आहे. जानेवारी २०२३ पासून सरकारच्या व्याख्येनुसार ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी किमान २ एमबीपीएस वेग पुरतो. त्याआधी ही मर्यादा ५१२ केबीपीएस होती. त्यामुळे १०० च्या जागी २५ मिळाले म्हणून जोडणी ‘ब्रॉडबँड नाही’ असे म्हणता येत नाही. पण तक्रार लेखी करून तिचा क्रमांक घेणे, आणि ती वाडीतल्या चालकाऐवजी बिलावर जिच्या नावाचा परवाना आहे त्या कंपनीकडे करणे, यात अर्थ आहे. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०१२ च्या विनियमांनी तक्रार केंद्र आणि त्यावर अपील प्राधिकारी अशी दोन टप्प्यांची रचना घालून दिली आहे. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दूरसंचार सेवेबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येते हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. माझ्या अनुभवात, ‘नेट स्लो’ असे न म्हणता ‘लॅन केबलवर, रात्री नऊला, मुंबईच्या सर्व्हरवर २५, सकाळी सहाला ९४, प्रकाश उणे २१’ असे लिहिल्यावर राउटर बंद-चालू करण्याचा सल्ला आला नाही आणि वरच्या पातळीवरच्या माणसाचा फोन आला. वेग लगेच सुधारला नाही, पण पुढच्या देयकात काही दिवसांची सूट मिळाली.

विजेचा विषय थोडक्यात. डब्याचा १२ व्होल्टचा अडॅप्टर वारंवार जाणाऱ्या विजेने अशक्त होतो आणि मग डबा मधूनच स्वतःहून बंद-चालू होऊ लागतो. फायबरला दोष देण्याआधी दुसरा अडॅप्टर लावून पाहावा. छोटा डीसी यूपीएस घेतल्यास झटक्यांचा प्रश्न मिटतो. मे-जूनच्या आणि परतीच्या पावसाच्या गडगडाटात अडॅप्टर आणि लॅन केबल दोन्ही काढून ठेवावीत. काचेतून वीज वाहत नसली तरी या दोन वाटांनी ती डब्यात शिरते, आणि वीज पडून गेलेला डबा चालक बदलून देत नाही.

एकूणात, घरून काम करणाऱ्याने आणि मुलांच्या अभ्यासासाठी नेट हवे असणाऱ्याने ही जोडणी अवश्य घ्यावी, मात्र दोन पट्ट्यांचा डबा आधीच ठरवून. वर्षाचे भाडे आगाऊ भरल्यास एक महिना फुकट अशी योजना चालक पुढे करतो. मी ती घेत नाही आणि तिमाही भरतो, कारण गणपतीतली संध्याकाळ पाहिल्यावरच पुढचे पैसे द्यावेत असे वाटते. पाहुण्यांना वायफायचे आश्वासन देणाऱ्या होमस्टेवाल्यांनी मात्र एकाच चालकावर विसंबू नये. दुसऱ्या कंपनीची जोडणी घेताना तिचा वेग आणि दर विचारण्याआधी तिच्या लाइनमनसोबत मुख्य रस्त्यापर्यंत चालत जाऊन तार कोणत्या वाटेने येणार ते डोळ्यांनी पाहावे, कारण आमच्याकडे दोन वेगळ्या कंपन्यांच्या तारा पुष्कळदा एकाच खांबावरच्या एकाच कड्यातून ओवलेल्या असतात.